गायी गहू खातात, बदाम उडतात, पण गोठा काय भरेना (माइनक्राफ्ट जावा, स्वतःचा सर्व्हर)

वडगाव_गोठा:

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी असं मिळून आमचा मित्रांचा सर्व्हर आहे. माइनक्राफ्टची जावा (संगणकावरची) आवृत्ती १.२१.१०, मॉड नाही, प्लगइन नाही, घरच्या पीसीवर चालतो. नदीकाठाला गोठा बांधलाय. गायी आहेत, थोडी मेंढरं, कोंबड्या. जादूच्या टेबलाभोवती १५ बुकशेल्फ लावायचेत, त्यासाठी कातडं पाहिजे. म्हणून गायी वाढवालोय. पण हिशेब लागेना झालाय:

काही गायी गहू घेतात, काही तोंडसुद्धा लावत नाहीत. ज्यांनी खाल्ला त्यांच्यावर बदाम उडतात, पण कधीकधी दोघी दोन कोपऱ्यांत उभ्याच राहतात आणि बदाम थांबतात.

रात्रभर सर्व्हर चालू ठेवला तरी सकाळी वासरं तेवढीच, वाढलेली नाहीत.

सगळ्यात वाईट म्हणजे, जागा वाचावी म्हणून पाण्याच्या धारेनं गायी एका खड्ड्यात गोळा करतोय, तिथं त्या लाल होऊन मरायला लागल्यात. जवळ लांडगा नाही, झोंबी नाही. आणि काही वासरं तर नुसतीच गायब, मांस नाही, कातडं नाही.

हे नेमकं चालतं कसं, ते कुणी नीट सांगा की.

रायबाग_रेडस्टोन:

खड्ड्याचं शेवटी बघू. आधी घड्याळं समजून घ्या. ती तीन आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिलं ३० सेकंदांचं. मोठ्या गायीला गहू दिला की ती माजावर येते, बदाम उडतात, ते जास्तीत जास्त ३० सेकंद. तेवढ्यात दुसरी माजावर आलेली गाय ८ ब्लॉकच्या आत सापडली पाहिजे. सापडली की दोघी एकमेकींकडं चालत येतात, ३ ब्लॉकपेक्षा कमी अंतरावर साधारण तीन सेकंद राहिल्या की वासरू पडतं, सोबत १ ते ७ एक्सपी (अनुभवाचे गुण). नर-मादी असा प्रकार गेममध्ये नाही, नात्यागोत्याचाही नाही. आई आणि तिचंच मोठं झालेलं वासरू चालतं. त्यामुळं दोन गायींवरून अख्खा कळप होतो, बाहेरनं जनावर आणावं लागत नाही.

तुमच्या दोघी दोन कोपऱ्यांत उभ्या राहतात म्हणजे अंतर ८ च्या वर आहे, नाहीतर वाटेत असं काही आहे की चालत येता येत नाही. वेळ संपली की तो गहू वाया गेला. पण जोडी न जमता वेळ संपली तर विश्रांतीचं घड्याळ सुरू होत नाही, लगेच पुन्हा गहू देता येतो. आणि माजावर असलेल्या गायीला मारू नका. ढकलायला म्हणून कुणी चापट मारली तरी इजा झाली की माज तिथंच संपतो. चार-पाच जण एकदम गोठ्यात शिरले की हे फार होतं.

दुसरं घड्याळ ५ मिनिटांचं. वासरू झाल्यावर दोन्ही आयांना ५ मिनिटं विश्रांती. या वेळात त्या गहू घेत नाहीत, हातातला गहू कमीही होत नाही. 'तोंड लावत नाहीत' म्हणता त्या याच. गहू घेतला की नाही, हीच सगळ्यात सोपी तपासणी.

तिसरं २० मिनिटांचं, वासराची गाय व्हायला. वासराला गहू चारला तर उरलेल्या वेळातले १० टक्के कमी होतात. मूळ वेळातले नाहीत, उरलेल्यातले, म्हणून पहिल्या गव्हाला २ मिनिटं वाचतात, दुसऱ्याला १ मिनिट ४८ सेकंद, आणि पुढं कमीकमीच. निम्मा वेळ वाचवायला ७ गहू जातात. तेवढ्यात तीन जोड्या लागून वर एक उरतो. गायीच्या बाबतीत वासरांना चारणं म्हणजे गहू उधळणं.

आता रात्रीचं. ही तिन्ही घड्याळं टिकवर चालतात. टिक म्हणजे गेमचा एक ठोका, सेकंदाला २०, आणि त्या जागेचा चंक (जगाचा चौकोनी तुकडा) जिवंत असेल तरच. १.२१.२ पासून सर्व्हरच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये सर्व्हर रिकामा असेल तर थांबायची सेटिंग आली, ती मुळातच ६० सेकंदांवर असते. सगळे झोपायला गेले की मिनिटाभरात तुमचा सर्व्हर नुसता नावाला चालू. ती सेटिंग ० केली तरी खेळाडू नसताना गोठ्याचे चंक चालत नाहीत. त्यासाठी फोर्सलोड कमांडनं ते चंक धरून ठेवावे लागतात. पूर्वी स्पॉनजवळचे (खेळ जिथं सुरू होतो तिथले) चंक कायम जिवंत असायचे, म्हणून लोक तिथं गोठे बांधायचे. १.२१.९ पासून ते काढून टाकलंय, जुने व्हिडिओ बघून तिथं बांधू नका.

माझं मत विचाराल तर वासरांपायी रात्रभर पीसी तापवू नका. सर्व्हरचं सिम्युलेशन डिस्टन्स (खेळाडूभोवती जग किती दूरवर चालतं ते) मूळचं १० चंकांचं असतं, एक चंक १६ ब्लॉकचा. म्हणजे गोठ्यापासून दीडशे ब्लॉकच्या आत कुणीतरी खाण खणत असला की झालं. जमिनीवरचंच अंतर बघतात, खोली नाही, त्यामुळं गोठ्याच्या बरोबर खाली हिरे शोधायला गेलात तरी वर वासरं वाढतात.

आणि गेममध्ये पलंगावर झोपून रात्र उडवली तर वासरं वाढत नाहीत. सूर्य पुढं सरकतो, टिक नाही.

चिक्कोडी_मोबाइल:

खड्ड्यात गायी मरतात म्हणजे काय मर्दा? माझ्या मोबाइलवर एका ब्लॉकात पन्नासच्या वर कोंबड्या कोंबल्यात, एकीला धक्का नाही. त्याचं पाणी बघ, बुडत असतील.

रायबाग_रेडस्टोन:

तुमची मोबाइलवरची आवृत्ती वेगळी, बेडरॉक. तिथं गर्दीचा मार नाही. यांचं जावा आहे, तिथं आहे. दोन्हीचे व्हिडिओ यूट्यूबवर एकाच नावानं फिरतात म्हणून हा घोळ होतो.

जावात नियम असा: एखाद्या जनावराच्या अंगाला अंग लागून आणखी २४ एंटिटी (जनावरं वगैरे) झाल्या, म्हणजे ते पंचविसावं झालं, की गर्दीत गुदमरायला लागतं. एका फटक्याला ६ नुकसान, म्हणजे आयुष्याचे ३ बदाम (एक बदाम म्हणजे २). गायीचं आयुष्य १०. दोन फटक्यांत खलास. हा मार नेमका नव्यालाच बसतो असं नाही, त्या गठ्ठ्यातल्या कुणालाही बसतो. वासरूसुद्धा पूर्ण एक धरलं जातं, त्याचंही आयुष्य १० च.

तुमची वासरं इथंच 'गायब' होतात. वासरू मेलं तर मांस, कातडं, एक्सपी काहीच पडत नाही, म्हणून मागं खूण राहत नाही. गाय मेली की मांस तरी दिसतं.

मर्यादा गेमरूलनं (गेमचा नियम बदलायची कमांड) वाढवता येते, ० केली तर बंदच होते. पण एका जागी शंभर जनावरं म्हणजे प्रत्येकजण प्रत्येकाला ढकलतोय, तो हिशेब सर्व्हरला दर टिकला करावा लागतो. घरच्या पीसीवर टिक २० वरून १५ वर आली की २० मिनिटांचं वासरू २६ मिनिटं ४० सेकंदांनी मोठं होणार. १० वर आली तर ४० मिनिटं. टिक क्वेरी कमांड देऊन बघा, एका टिकला सरासरी ५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर सर्व्हर मागं पडतोय.

काही लोक हीच गर्दी मुद्दाम वापरतात. एका ब्लॉकात २४ गायी, खाली हॉपर (वरचं सामान ओढून घेणारा ब्लॉक), वरनं गहू देत राहायचं, जास्तीच्या आपोआप मरतात. चालतं. पण त्यात तलवारीचं लूटिंग (जास्त माल पाडणारी जादू) लागत नाही आणि एक्सपीही जातो, म्हणून कातड्यासाठी हा मार्ग मला पटत नाही.

वडगाव_गोठा:

हे पटलं. खड्डा आजच फोडतो. आता दोन गोष्टी. गोठा किती मोठा, कसा बांधायचा? आणि आमच्याकडं मधेच लाइट जाते, मग पीसी बंद, सर्व्हर बंद. चालू केल्यावर कधी दोन-चार वासरं कमी भरतात. तेही गर्दीनंच का?

खानापूरचा_सुतार:

लाइटचं आधी सांगतो. सर्व्हर जग आपोआप सेव्ह करतो ते दर ५ मिनिटांनी. अचानक वीज गेली तर शेवटच्या सेव्हनंतर जन्मलेलं वासरू फाइलमध्ये पोचलेलंच नसतं. ते मेलं नाही, झालंच नाही असं धरा. पण खेळाडूची माहिती आणि चंकाची माहिती वेगवेगळ्या फाइलीत जाते, त्यामुळं कधी गहू परत मिळतो, कधी गहूही जातो नि वासरूही. सगळ्या गायी लावून झाल्या की कन्सोलमध्ये सेव्ह-ऑल मारायची सवय लावा. पीसी इन्व्हर्टरवर घेतलात तर उत्तमच. निदान लाइट गेल्यावर सर्व्हर रीतसर बंद करण्यापुरता वेळ मिळाला पाहिजे.

आता गोठा. कातड्यासाठी मी आत ७ बाय ७ ची जागा धरतो, त्यापेक्षा मोठी नको. कारण वर रायबागकरांनी सांगितलंच, जोडीदार ८ ब्लॉकच्या आत पाहिजे. ७ बाय ७ मध्ये एका कोपऱ्यातनं समोरच्या भिंतीपर्यंत जवळजवळ सगळं टप्प्यात येतं. ४९ ब्लॉकात २० ते २५ गायी सुखानं राहतात, पाण्याची धार मात्र काढून टाका. त्यापेक्षा जास्त पाहिजेत तर शेजारी दुसरा गोठा, मधे एकच सामाईक कुंपण.

कुंपण एकच ब्लॉक उंच पुरतं, कारण धडकेला ते दीड ब्लॉक असतं. पण कुंपणाला लागून आतल्या बाजूला हे बेल (९ गव्हांचा भारा), माती, कंपोस्टर असलं काही ठेवू नका. गाय त्यावर चढली की समोर अर्धाच ब्लॉक राहतो, ती आरामात बाहेर. 'कुंपण तुटलेलं नाही तरी गाय बाहेर' अशी तक्रार आली की मी आधी हेच बघतो. दगडाचा एखादा उंचवटा बाहेरच्या बाजूनं टेकला असला तर काही बिघडत नाही, आतल्या बाजूचाच घात करतो.

फाटकं दोन, एकामागं एक, मधे दोन ब्लॉकांची जागा. आतलं उघडताना बाहेरचं बंद. हातात गहू असला की साधारण १० ब्लॉकातल्या गायी मागं येतात आणि फाटक उघडलं की तुमच्याआधी त्याच बाहेर. म्हणून आत शिरताना हातात दुसरं काहीतरी धरा, आत गेल्यावर गहू काढा. फाटकच नको असेल तर कुंपणाच्या एका खांबावर कार्पेट टाका. तुम्हाला उडी मारून त्यावरनं जाता येतं, जनावरांना ती वाट दिसतच नाही. आमच्याकडं सगळे असंच करतात, फाटक उघडं टाकून जाणारा एक तरी असतोच.

जमीन साधी चालेल, गायींना गवत लागत नाही. मेंढरांना मात्र लागतं.

गव्हाचा हिशेब. मधे एक पाण्याचा ब्लॉक, भोवती ९ बाय ९ चं रान, म्हणजे ८० ब्लॉक पीक, पाणी चारी बाजूंना ४ ब्लॉकांपर्यंत पोचतं. पिकलं की ८० गहू, म्हणजे ४० वासरं. बी शिल्लक राहतं ते कोंबड्यांना.

समजा दोनच गायी आहेत आणि तुम्ही दर ५ मिनिटांनी न चुकता चारलं. पहिली चार वासरं त्या दोघींचीच. विसाव्या मिनिटाला पहिलं वासरू गाय होतं पण त्याला जोड नसते. पंचविसाव्याला चार गायी, दोन जोड्या. तिसाव्याला पुन्हा दोन. मिळून ९ वासरं, १८ गहू, आणि गोठ्यात ११ जनावरं अर्ध्या तासात. पहिली वीस मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, आणि तिथंच लोक कंटाळून गायी कापतात. कापू नका. पंधरा-सोळा मोठ्या गायी कायमच्या ठेवायच्या आणि वरच्या तेवढ्या काढायच्या.

कातड्याचं: १५ शेल्फ म्हणजे ४५ पुस्तकं, टेबलाचंही १ धरलं तर एकूण ४६ कातडी. गायीमागं ० ते २ पडतं, सरासरी १. म्हणजे नुसत्या तलवारीनं ४६ गायी. लूटिंग ३ असेल तर ० ते ५, सरासरी अडीच, मग १८-१९ गायींत भागतं. टेबल तर तुमच्याकडं आहेच म्हणता. कमी शेल्फवर का होईना, आधी एका तलवारीवर लूटिंग येतंय का बघा, मग कापायला बसा. २७ गायींचा गहू आणि वेळ वाचतो.

अथणी_मेंढरं:

मेंढरांचं कुणी विचारलं नाही पण सुतारदादांनी गवताचं काढलं म्हणून लिहितो.

मेंढरं वाढवायला गहूच, घड्याळं तीच. फरक लोकरीचा. कातरून लोकर १ ते ३ मिळते, मारून एकच, म्हणून मेंढरू कापायचं ते मांसापुरतंच. कातरलेल्या मेंढराला लोकर परत येते ती गवत खाल्ल्यावरच. गवताचा ब्लॉक खाल्ला की त्याची माती होते. छोट्या गोठ्यात दहा मेंढरं घातली की दोन दिवसांत सगळी माती आणि सगळी मेंढरं बोडकी. गवत शेजारच्या गवतावरनं पसरतं, त्याला वर उजेड ९ तरी लागतो. म्हणून मधे टॉर्च लावा, रात्रीही पसरेल. कुंपणाच्या बाहेर सलग गवत ठेवा, कुंपणाखालचा ब्लॉकही गवताचा असू द्या, कुंपण असलं तरी त्याखाली गवत टिकतं आणि आत पसरतं. एका मेंढरामागं ६ ते ८ ब्लॉक गवत धरा. कोकरानं गवत खाल्लं तर त्याची वाढ एक मिनिटानं पुढं सरकते, म्हणून कोकरांना गहू चारण्यापेक्षा चांगलं गवत बरं.

रंग. कोकरू आईबापांच्या लोकरीचा रंग घेतं. दोन रंग मिसळून तिसरा होत असेल तर तो. तांबडं आणि पिवळं असेल तर नारिंगी, निळं आणि पांढरं असेल तर फिकट निळं, काळं आणि पांढरं असेल तर करडं, तांबडं आणि पांढरं असेल तर गुलाबी. मिसळत नसतील तर दोघांपैकी एकाचा, छापा-काटा. त्यामुळं एकेका कोकराला रंग लावत बसू नका, आईबापांना एकदाच रंगवा. तपकिरी दोन रंगांत होत नाही, तपकिरी पाहिजे तर दोन्ही आईबाप तपकिरी करा. रंगवलेल्या मेंढराला कातरलं तरी पुढची लोकर त्याच रंगाची येते.

आणि एक. लांडगे मेंढरांवर जातात. तुमचं ठाणं जंगलाला लागून असेल तर मेंढरांच्या बाजूचं कुंपण दोन ब्लॉक करा.

चिक्कोडी_मोबाइल:

गर्दीचं मला माहीत नव्हतं, बरं झालं. मोबाइलवर खेळणाऱ्यांसाठी एक सांगून सोडतो: बेडरॉकात जग बनवताना सिम्युलेशन डिस्टन्स ४ वर असतं. चार चंक म्हणजे ६४ ब्लॉक. मोबाइल गरम होतो म्हणून आपण ते वाढवत नाही. मग 'जवळच होतो तरी वासरू वाढलं नाही' म्हणायचं नाही, ६४ च्या आतच रानात काम करायचं.

कोंबड्यांचा आपोआप भाजायचा डबा जावात कसा बसवतात? आमच्या शाळेचा ग्रुप जावावर जाणार आहे.

रायबाग_रेडस्टोन:

सोपा आहे, पण एक ब्लॉक इकडंतिकडं झाला तर राख मिळते.

वरच्या खणात कोंबड्या. जमीन म्हणून हॉपर, तो डिस्पेन्सरला (आतली वस्तू फेकणारा ब्लॉक) जोडलेला. कोंबडी ५ ते १० मिनिटांत एक अंडं घालते. अंडी जमिनीवर पडून राहिली तर ५ मिनिटांत नाहीशी होतात, म्हणून हॉपर पाहिजेच. वरच्या खणात २४ च्या वर कोंबड्या नकोत, कारण तो एकच ब्लॉक आहे आणि गर्दीचा नियम वर आलाच आहे. २४ कोंबड्यांची सरासरी मिनिटाला तीनेक अंडी होतात.

डिस्पेन्सरच्या तोंडासमोर खालचा खण: तळाला हॉपर, तो पेटीत उतरतो. हॉपरवर अर्धा स्लॅब, खालच्या अर्ध्यातला. त्याच्या बरोबर वरच्या ब्लॉकात लाव्हा. डिस्पेन्सर स्लॅबच्या पातळीला, लाव्ह्याच्या नाही. बाकी तिन्ही बाजू काच. पुढच्या बाजूला तरी काचच लावा, आत काय चाललंय ते दिसलं पाहिजे.

कसं चालतं बघा. फेकलेल्या अंड्यातनं पिल्लू निघायची शक्यता ८ त १. त्यातही ३२ त एकदा चार पिल्लं एकदम. १६ अंड्यांचा गठ्ठा धरला तर सरासरी दोन पिल्लं. पिल्लाची उंची साधारण ०.३५ ब्लॉक, स्लॅबवर उभं राहिलं की ०.८५, लाव्हा १ वर सुरू होतो, म्हणून पिल्लू वाचतं. २० मिनिटांनी मोठं झालं की उंची ०.७, स्लॅब धरून १.२. डोकं लाव्ह्यात. मरताना जळत असल्यानं मांस भाजलेलं पडतं आणि स्लॅबमधून हॉपर ते ओढून घेतो.

बिघडतं कुठं? लोक स्लॅबऐवजी पूर्ण ब्लॉक घालतात, मग पिल्लूसुद्धा भाजतं आणि हातात काही पडत नाही. दुसरं, लाव्ह्याच्या शेजारी लाकूड ठेवतात, छप्पर पेटतं. तिसरं, डिस्पेन्सरच्या जागी ड्रॉपर बसवतात. ड्रॉपर अंडं नुसतं खाली टाकतो, फेकत नाही, पिल्लू निघत नाही. डिस्पेन्सरला सारखा सिग्नल देऊन उपयोग नाही, चालू-बंद व्हायला हवा. आत अंडं आलं की कंपॅरेटर (आत सामान आहे का ते ओळखणारा भाग) उठेल आणि तोच सिग्नल फिरून बंद-चालू होईल असं साधं घड्याळ पुरतं.

१.२१.५ पासून अंडी तीन प्रकारची. थंड प्रदेशातली कोंबडी निळं अंडं घालते, उष्ण प्रदेशातली तपकिरी, बाकी नेहमीचं. डब्यात तिन्ही चालतात, फक्त गठ्ठे वेगळे होतात. गायींचंही तसंच, तेव्हापासून थंड आणि उष्ण प्रदेशांतल्या गायी वेगळ्या दिसतात. वासरू आईबापांपैकी एकाचं रूप घेतं, जागेचं नाही. म्हणून थंडीतली केसाळ गाय एकदा आणलीत की वाळवंटातही तिचीच जात चालवता येते.

वडगाव_गोठा:

खड्डा फोडला, सुतारदादांच्या मापानं गोठा बांधला, आता गायी लाइनवर आहेत. शेवटचं एक: घोडे. निपाणीच्या मित्राकडं एक पळणारा घोडा आहे, माझ्याकडं उंच उडी मारणारा. दोन्ही लावून पळणारा आणि उडणारा असा एक होईल का? सोन्याची सफरचंदं लागतात ऐकलंय, तेवढं सोनं नाही.

गोकाक_घोडेवाला:

सफरचंद कशाला? सोनेरी गाजर द्या. सफरचंदाला ८ सोन्याच्या विटा जातात, गाजराला ८ नगेट, म्हणजे एका विटेपेक्षाही कमी. दोन्हीनं घोडा माजावर येतो. एका शिंगरामागं १६ नगेट.

घोड्यांना गायींपेक्षा दोन अटी जास्त. दोन्ही माणसाळवलेले पाहिजेत, आणि दोघांचंही आयुष्य पूर्ण भरलेलं पाहिजे. कड्यावरनं उडी मारून आयुष्याचा अर्धा बदाम गेलेला असला तरी जोडी लागत नाही, बदाम उडत राहतात आणि माणूस गोंधळतो. आधी हे बेल चारा, एका हे बेलनं १० बदाम भरतात. आणि घोड्यावर कुणी बसलेलं नको. मित्र आपल्या घोड्यावर बसूनच गाजर द्यायला लागला तर काही होणार नाही.

आता मुख्य. मार्च २०२३ च्या १.१९.४ च्या आधी शिंगराचा वेग म्हणजे आई, बाप आणि एक रँडम घोडा, तिघांची सरासरी. त्यामुळं चांगल्या घोड्यांची पिल्लंही मध्यमच निघायची आणि लोक म्हणायचे रानातच शोधा. ते आता खोटं आहे. आता शिंगराचा आकडा आईबापांच्या सरासरीभोवती वर किंवा खाली जातो. आईबाप सारखेच असतील तर पूर्ण टप्प्याच्या १५ टक्क्यांपर्यंत. दोघांत फरक असेल तर फरकाच्या निम्म्यानं आणखी. बहुतेक पिल्लं सरासरीजवळच पडतात, टोकाची क्वचित.

टप्पे: वेग सेकंदाला ४.७४ ते १४.२३ ब्लॉक, आयुष्य १५ ते ३०, उडी साधारण १.१ ते ५.३ ब्लॉक. समजा दोन्ही घोडे १० च्या वेगाचे. शिंगरू ८.५८ ते ११.४२ च्या मधे कुठंही. वेग, उडी आणि आयुष्य तिन्ही वेगवेगळी ठरतात. म्हणून तुमचा पळणारा आणि उडणारा पहिल्या खेपेला मिळेलच असं नाही, उलट दोन्हीत मधलाच निघेल. पिल्लं चार-पाच काढा. त्यातली दोन सगळ्यात चांगली आईबाप म्हणून ठेवा, मूळ जोडी बाजूला करा. तिसऱ्या-चौथ्या पिढीत फरक दिसतो. १४.२३ च्या वर मात्र कधीच जात नाही. आकडा वर गेलाच तर जेवढा वर गेला तेवढा परत खाली येतो. म्हणून १४ च्या जवळ पोचलात की थांबा, पुढची पिल्लं कमीचीच निघायला लागतील.

मोजायचं कसं? आयुष्य बसल्यावर दिसतं. वेगासाठी १०० ब्लॉकचा सपाट, सरळ रस्ता, सुरुवातीला १० ब्लॉक पळून घ्यायला जास्तीचे. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर १० सेकंद आले तर वेग १०. ८ सेकंदांच्या आत आला तर तो घोडा मुळीच विकू नका. सर्व्हर मागं पडत असेल तेव्हा मोजू नका. उडीसाठी ३, ४ आणि ५ ब्लॉकच्या तीन भिंती.

शिंगराला सफरचंद, साखर चारत बसू नका. एक हे बेल ३ मिनिटं वाचवतं. सातात शिंगराचा घोडा, म्हणजे ६३ गहू. गायीच्या वासराला गहू चारणं तोट्याचं हे खरं, पण इथं पिढ्या लवकर फिरवायच्या असतात, तिथं तो खर्च पटतो.

वडगाव_गोठा:

मस्त. निपाणीच्या मित्राचा घोडा आणायचा म्हटलं तर नदी आहे मधे. आणि सामान वाहायला घोड्याला पेटी लागत नाही, मग खेचर काढू का?

गोकाक_घोडेवाला:

नदीत तुम्ही होडीत बसा, घोडा होडीत मावत नाही, त्याला दाव्यानं मागं ओढा. जमिनीवरही दावंच. १.२१.६ पासून दाव्याला स्लाइम लागत नाही, ५ दोऱ्यांत दोन दावी होतात. खोगीरही आता तुमच्याच कातड्यात होतं, ३ कातडी आणि एक लोखंडाची वीट.

खेचर काढाच. घोडा आणि गाढव, दोघांनाही सोनेरी गाजर. पेटीत १५ खाने, गाढवाइतकेच, पण रानातल्या गाढवाचा वेग ७.३८ असतो आणि खेचर घोड्याकडनंही घेतं. घोडा १२ चा असेल तर खेचराची सरासरी ९.७ च्या आसपास पडते, फरक मोठा असल्यानं वर-खालीही बरंच होतं, तेव्हा इथंही दोन-तीन काढून निवडा. खेचराला पुढं पिल्लं होत नाहीत, म्हणून मूळ गाढव कापू नका, मोकळंही सोडू नका. आणि पेटी लावायच्या आधी वेग मोजून घ्या. एकदा लावलेली पेटी खेचर मेल्याशिवाय परत निघत नाही.